राठोडमामांची भोवऱ्याची गाडी

वसमत डेपोच्या गेटमधून बस बाहेर पडली की राठोडमामा पहिल्याच वळणावर ती कडेला घेत, पायातले बूट काढून सीटखाली सरकवत आणि मग अनवाणी पायाने पुढचा प्रवास सुरू करत. बूट घालायचा नियम होता आणि मामा नियमाचे पक्के होते. पण तो नियम त्यांच्या मते गेटच्या आतला होता. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर म्हणून लागले त्या पहिल्या सकाळी हे काय म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, बुटात पाय बहिरा होतो."

आमच्या खात्यात कंडक्टरला मास्तर म्हणायची जुनी रीत आहे. बाई कंडक्टर आली तर काय म्हणायचं, यावर तेव्हा डेपोत बरीच चर्चा चालली होती. मामांनी ती केली नाही. मी त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून मास्तर होते आणि शेवटपर्यंत तेच राहिले.

मामा वारंगा फाट्याकडच्या एका तांड्यावरचे. उंच, वाळलेल्या तुराटीसारखे, कानांवर केसांचे दोन झुपके. आपले आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरले, आपण माणसं लादून फिरतो, धंदा काही बदलला नाही असं ते सांगत. आवाजाचं त्यांना वेड होतं. एकदा पुसेगाव ओलांडल्यावर त्यांनी भर उन्हात बस थांबवली. कुठून तरी कुंई कुंई येत होतं. खाली उतरून त्यांनी चाकं पाहिली, पट्टे पाहिले, बसखाली आडवे झाले. प्रवासी उतरले. आपल्याकडे माणूस उतरला की सल्ला देतोच. कुणी ग्रीस म्हणालं, कुणी बेअरिंग. शेवटी मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने हळूच आपल्या पाटीवरचं फडकं बाजूला केलं. आत कुत्र्याचं पिल्लू होतं. नातीसाठी नेत होती आणि तिकीट पडेल म्हणून लपवलं होतं. सगळी बस हसली. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता, पण मामांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "पण आवाज खरा होता का न्हाई?" आणि सेनगावपर्यंत शीळ घालत गेले.

आमच्या बसला वेगाचं लॉक असतं. पाय कितीही दाबा, ठरलेल्या आकड्यापुढे ती जात नाही. इतर ड्रायव्हर त्यावर कुरकुरत. मामा म्हणत, या लॉकने आणि झमकूबाईने आपल्याला सांभाळलं, नाहीतर कधीच कुठल्यातरी बाभळीला जाऊन भेटलो असतो. झमकूबाई म्हणजे मामी. बोलणं कमी, नजर पक्की.

म्हणूनच निवृत्तीनंतर मामांनी जे केलं, ते कुणाला खरं वाटेना. त्यांनी टर्बोची गाडी घेतली.

गाडी वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याच्या मुलाची. त्याला शर्यतीच्या गाड्यांचा नाद होता. चांगली चालती छोटी पेट्रोल गाडी घेऊन त्याने तिला मोठा टर्बो बसवला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले, पुढे हवा थंड करणारी जाळी लावली, आणि इतकं झाल्यावर तो नोकरीसाठी परदेशी निघून गेला. गाडी गोदामात पडून होती. मामा मला दाखवायला घेऊन गेले तेव्हा तिच्यावर हळदीचा इतका थर होता, की मूळ रंग बोटाने पुसून बघावा लागला. मामांनी ती चालू केली. ती खोकली, काळा धूर सोडला, दोन झटके दिले आणि बंद पडली. आपलं लेकरू पहिल्यांदा बोललं असावं अशा चेहऱ्याने मामा माझ्याकडे बघत होते.

दोष कुठे आहे, ते त्यांनी मला माझ्याच ओट्यावर बसून समजावलं. टर्बोला ते भोवरा म्हणत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर भोवरा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त लागतं. ते किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे ठरवतो इंजिनाचा कॉम्प्युटर; त्याला मामा डोस्कं म्हणत. त्या पोराने भोवरा बदलला, डोस्क्याला सांगितलंच नाही. "पोट पैलवानाचं अन् मोजमाप लेकराचं," मामा म्हणाले. आता त्या डोस्क्याला नवं शिकवायला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कुठलं घ्यायचं, हा प्रश्न होता. मामांना त्यातलं काही येत नव्हतं आणि हे ते ज्याला त्याला आनंदाने सांगत.

पहिला भेटला तो वारंगा फाट्यावर. हायवेवरच्या ट्रकवाल्यांचं कामकाज करणारा एक लॅपटॉपवाला. त्याच्याकडे तयार फाइली होत्या. अशाच गाडीची आहे म्हणाला, चहा थंड व्हायच्या आत गाडीत भरून दिली, आणि गाडी खरंच सुसाट निघाली. मामा तिच्यात मला आणि मामींना बसवून वसमतकडे निघाले. धूर नाही, झटके नाहीत. मी कौतुक करणार तेवढ्यात चढावर मामांनी पाय उचलला. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा बारीक तडतड आवाज येत होता. मला वाटलं, खडी उडत असेल. मामांनी गाडी थांबवली, कान दिला आणि त्यांचा चेहरा पडला. पेट्रोल वेळेआधीच पेटतंय, असंच चाललं तर पिस्टन वितळेल, म्हणाले. तिथून घरापर्यंत गाडी त्यांनी बैलगाडीच्या चालीने आणली. बैलगाडीच्या म्हणजे खरोखर. एका बैलगाडीवाल्याने आम्हाला हात करून बाजूने पुढे काढली. मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, सीट चांगली आहे, गाडी दुरुस्त होईपर्यंत अंगणात टाकून बसता येईल.

त्या दिवसापासून मामांनी एक प्रश्न धरला. सॉफ्टवेअर विकणारा कुणीही भेटो, फोनवर असो की समोर, ते त्याला विचारत: चुकलं तर गाडी काय करल?

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले, त्यामुळे संध्याकाळी मोबाइलवरची माहिती वाचून मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मामा सुपारी कातरत ऐकत. मामी तांदूळ निवडत ऐकत, आणि मी एखादं वाक्य खाऊन टाकलं की हमखास त्यांनाच कळे. फाटा, परभणी, पुणे, जिथे जिथे फोन लागेल तिथे मामांनी लावला. फाट्यावरच्या माणसाला तोच प्रश्न विचारला तर तो म्हणाला, आपल्याकडे चुकतच नाही. मामांनी त्याला नमस्कार केला आणि विषय संपवला.

दुसरा एक छोटी डबी विकत होता. ती तारांच्या मध्ये लावायची. हवा किती आली हे ती डोस्क्याला कमी करून सांगते, आणि डोस्कं फसून भोवऱ्याला जास्त फिरू देतं. चुकलं तर काढून ठेवा, तो म्हणाला. हे उत्तर मामांना आवडलं होतं, पण डबीच पटली नाही. म्हणाले, "आपल्याच डोस्क्याला खोटं काहून सांगायचं?"

तिसरा पुण्याचा. त्याच्यावर मात्र मामा भाळले. जुना कॉम्प्युटर काढून पूर्ण नवा बसवायचा आणि त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर त्याचा पडदा असा दिसे, की काळ्यावर हिरवे आकडे, गोल घड्याळं, लाल काटे. मामांना त्यात बसचा डॅशबोर्ड दिसला, तोही असा, की ज्याचे सगळे काटे चालू आहेत. नमुन्याची आवृत्ती त्यांनी माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. गाडी जोडलेली नसताना, काटे शून्यावर असताना, ते संध्याकाळभर त्याच्याकडे बघत बसत. प्रश्न विचारायचाही विसरले. शेवटी मी आठवण केली तेव्हा विचारला, आणि तिकडून उत्तर आलं की आमची वॉरंटी आहे. मामांनी मान हलवली, पण नाद सुटला नाही.

तो सोडवला फरहीनने. नांदेडला तिचं आणि तिच्या भावाचं गॅरेज होतं. इंजिनीअरिंग केलेली, तिशीतली, हाताला कायम ग्रीस, बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी. मामा गाडी एका टेम्पोत घालून तिच्याकडे घेऊन गेले. माझी सुट्टी होती म्हणून मीही गेले. पुण्याच्या पडद्याचं कौतुक तिने पूर्ण ऐकून घेतलं. वस्तू चांगली आहे म्हणाली, शर्यतीची गाडी असती तर तिनेही तीच लावली असती. मग तिने विचारलं, की थंडीतल्या सकाळी गाडी चालू कशी व्हावी, एसी लावल्यावर इंजिन किती फिरावं, पंखा कधी लागावा, हे सगळं त्या नव्या कॉम्प्युटरला पहिल्यापासून शिकवावं लागेल, ते कोण शिकवणार? आणि तांड्यावर गाडी चालूच झाली नाही, तर पुण्याहून कोण येणार? मामांचा ज्या पडद्यावर जीव जडला होता तो जाताना दिसत होता.

मग त्यांनी तिला त्यांचा प्रश्न विचारला. तिने उलट विचारलं, "मामा, गलत हुआ तो गाड़ी ने क्या करना, तुम बोलो ना."

असं त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. थोडा विचार करून मामा म्हणाले, "मला घरी आणावं."

"बस, तो फिर बात तय है," ती म्हणाली, आणि तिने तिचं सॉफ्टवेअर उघडलं. इतकं कुरूप काही मी पाहिलं नव्हतं. करडा पडदा आणि आकड्यांचे तक्ते. तलाठ्याच्या कपाटाची आठवण झाली. पण ते गाडीच्या मूळ डोस्क्यातच काम करत होतं. आधी ते जुनं सगळं जसंच्या तसं उतरवून बाजूला ठेवतं, म्हणजे कधीही मागे फिरता येतं. कंपनीने घातलेले बचावाचे नियम तसेच राहू देता येतात: तडतड ऐकू आली की ठिणगी मागे घे, म्हणजे जरा उशिरा पाड, फार तापलं की भोवऱ्याचा जोर कमी कर, आणि हळूहळू का होईना, गाडी घरी ने. शिवाय गाडी चालताना तिने काय काय केलं, त्याची रेघ ते क्षणाक्षणाला ओढतं. मामांनी ती रेघ बघितली. फरहीनने इंजिन चालू करून नुसतं फिरवलं आणि पडद्यावर रेघ वर गेली, खाली आली. मामांनी डोळे मिटून आवाज ऐकला, मग उघडून रेघ पाहिली, पुन्हा मिटले. असं बराच वेळ चाललं. जे आजवर कानाने ऐकलं ते डोळ्याला दिसत होतं. "बराबर हाय," ते म्हणाले. "हेच."

परतताना टेम्पोत मात्र ते हळूच मला म्हणाले, की त्या लाल काट्यांचं काहीतरी व्हायला पाहिजे होतं.

गाडी जुळवायचा दिवस उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठरला. रस्त्यावर वेग काढायचा नाही, ही मामांची अट होती. एका साखर कारखान्याच्या मागे उसाच्या गाड्या रांगेत लागतात ती लांब सरळ खासगी सडक गाळप संपल्यावर मोकळी असते. मामांनी मॅनेजरकडे चार खेपा घालून परवानगी आणली. सकाळी लवकर आम्ही तिथे पोचलो. फरहीनने हेल्मेट आणली होती. ती मामांच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसली, मी आणि मामी लिंबाखाली.

पहिली फेरी झाली. फरहीनने काही आकडे बदलले. दुसरी झाली, आपल्याकडच्या पंपावरचं पेट्रोल लवकर पेटतं म्हणत तिने ठिणगी जराशी मागे घेतली. आवाज गोड होत चालला होता, हे मलाही कळत होतं. तिसऱ्या फेरीनंतर गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. फरहीन म्हणाली, की मामा, पेडल पूर्ण दाबा, त्याशिवाय वरचे तक्ते भरता येत नाहीत. मामा म्हणाले, पूर्णच दाबला होता, तळाला टेकला. चौथी फेरी झाली. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. पेडलची रेघ वर चढली होती, दोन तृतीयांशावर पोचली होती आणि तिथून आडवी झाली होती. चारही वेळा तिथेच.

मामा खाली उतरले. पेडलखाली चटई अडकली का बघितली. चटई नव्हती. वाकून हाताने पेडल दाबलं तर ते सरळ तळापर्यंत गेलं. मग ते गाडीच्या दारात बसून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. त्यांना काय समजलं, ते मला त्यांच्याआधी कळायला हवं होतं, कारण तो पाय मी वर्षानुवर्षं बघत आले होते. जिथे बसचं लॉक लागायचं, त्याच्या पुढे दाबून उपयोग नव्हता, म्हणून तो पाय कधीतरी तिथेच थांबायला शिकला होता. आता समोर मोकळी सडक होती, गाडीला कुलूप नव्हतं, आणि पाय जात नव्हता.

"बेटा, तूच चालव," ते फरहीनला म्हणाले. आवाजात खेद नव्हता, पण त्यांना इतकं थकलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मामी उठल्या. केसांतले चांदीचे दागिने एक एक करून काढले आणि माझ्या ओंजळीत दिले. तिसरं हेल्मेट उचललं, उलटं घातलं, फरहीनने सरळ करून पट्टा बांधला. मग त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, बेल्ट लावला आणि म्हणाल्या, "मी बसले. आता दाबा."

मामा म्हणाले, "भ्या वाटंल तुला."

"मला न्हाई वाटत. दाबा."

गाडी सडकेच्या टोकाला गेली, वळली. क्षणभर काहीच नाही. मग भोवऱ्याची शीळ सुरू झाली, चढत गेली, आणि आजवर ज्या जागी ती थांबत होती तिथून पुढे गेली. मी ओंजळ घट्ट धरून उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा आत तीन हेल्मेट मागे टेकलेली दिसली आणि हेल्मेटच्या उघड्या काचेतून मामांचं तोंड. ते उघडं होतं. ओरडत होते की हसत होते, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पुढे बऱ्याच अंतरावर गाडी हळू झाली, थांबली, आणि कितीतरी वेळ कुणी उतरलंच नाही. मी धावत गेले. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. फरहीन लॅपटॉपवर बोट ठेवून ती सरळ वर गेलेली रेघ दाखवत होती. मागून मामींनी विचारलं, "याच्याहून जोरात जाते का?"

दुपारपर्यंत त्या सहा वेळा बसल्या. शेवटी फरहीनने भरलेल्या तक्त्यांचा मॅप साठवताना त्याला नाव काय द्यायचं विचारलं. मामा म्हणाले, झमकू. मामी म्हणाल्या, नवऱ्याने आजवर एवढं जोरात माझं नाव घेतलं नव्हतं.

यानंतर मामांनी त्या गाडीचा वसमतमध्ये धाक निर्माण केला असेल असं कुणाला वाटलं तर चूक आहे. रस्त्यावर ते अगदी बसच्या वेगाने चालवत. भोवरा शीळ घालायचा, लोक वळून बघायचे आणि मग सायकलवाला त्यांच्या बाजूने निघून जायचा. थांब्यावर कुणी उभं दिसलं की मामांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचाच. काच खाली करून विचारायचे, कुठं जायचं? शेतकरी, शाळेच्या बाया, एकदा तर डेपो मॅनेजर, सगळे त्या गाडीतून गेलेत. पण महिन्यातून एकदा कारखान्याची सडक मिळाली की दोघं जात. फरहीन म्हणायची, तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात नेमकी तक्रार झमकूबाईंची असते. फोन करून सांगतात, तिसऱ्या गेअरला जरा आळस वाटून राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बढती झाली आणि बदलीही, दूर कोकणात. वसमतहून शेवटची ड्यूटी नेमकी भर दुपारची लागली. वारंगा फाट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, एका नांगरलेल्या रानाच्या कडेला ती गाडी उभी दिसली. उन्हाळ्याचा मॅप उन्हातच करावा लागतो, गार हवेत तडतड कळत नाही, हे मला माहीत होतं. बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं, बाजूच्या मडगार्डवर लॅपटॉप ठेवलेला. इतक्या उन्हात पडदा दिसतो कुठे? म्हणून मामींनी आपली आरशांची ओढणी काढून एक टोक बॉनेटला अडकवलं होतं, दुसरं एका हाताने वर ताणून धरलं होतं, आणि त्या सावलीत दोन्ही डोकी एकमेकांना टेकून आत वाकली होती. कसलं तरी भांडण चाललं होतं, कारण मामींचं एक बोट सारखं पडद्यावर आपटत होतं आणि मामा मान हलवत होते. मी खिडकीतून हाक मारली. ती त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

वारा आला, ओढणी हलली आणि आरशांचे शेकडो कवडसे रानातून उठून आमच्या बसमध्ये शिरले. छतावरून, झोपलेल्या माणसांच्या तोंडांवरून, पिशव्यांवरून पळत गेले. एक माझ्या हातातल्या तिकिटाच्या मशीनवर क्षणभर थांबला, आणि बस पुढे गेली.